पंचवीस मुलांचे ३,५३२ रुपये

महिन्याला ३,५३२ रुपये. पंचवीस मुलांना महिन्यातले सव्वीस दिवस, दिवसभर सांभाळायचं आणि त्यासाठी एका पाळणाघराला केंद्र सरकारकडून एवढं अनुदान मिळायचं. राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना, १ जानेवारी २००६ पासून लागू. मुलं सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची. त्यांच्या आया मजुरीला जाणाऱ्या, नाहीतर आजारी. आणि चालवणारी एखादी स्वयंसेवी संस्था.

हा आकडा कसा जुळवला होता ते पाहण्यासारखं आहे. दोन बायांचं मानधन प्रत्येकी १,००० रुपये, म्हणजे २,०००. आहारासाठी दर मुलामागे दिवसाला २ रुपये ८ पैसे. पंचवीस मुलं, सव्वीस दिवस, झाले १,३५२. औषधं आणि किरकोळ खर्च ३५०. बेरीज ३,७०२. यातलं मानधन सरकार पूर्ण देणार, राहिलेल्या १,७०२ रुपयांपैकी नव्वद टक्के देणार, आणि दहा टक्के संस्थेनं आपल्या खिशातून घालायचे. म्हणजे संस्थेचा वाटा महिन्याला १७० रुपये. कागदावर तरी. जागेच्या भाड्याला वेगळा रकाना नव्हता. दुपारी पंचवीस मुलांची आवराआवर करून त्यातल्या तान्ह्यांचे लंगोट धुण्यालाही नव्हता. दोन रुपये आठ पैशांत तेव्हा कटिंग चहासुद्धा येत नसे.

मानधनाचा दिवसाचा हिशेब केला तर ३८ रुपये पडतात. २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १९२ रुपये होती. पाळणाघरात मूल ठेवून आई ज्या कामावर जात होती, त्या कामाच्या पाचव्या हिश्शाएवढं तिचं मूल सांभाळणारीला मिळत होतं.

हे सगळं २०१७ नंतरच्या कपातीआधीचं. आणि तरीही देशात २३ हजारांच्या वर पाळणाघरं या योजनेखाली चालू होती. कशी, हा प्रश्न सरकारनं फारसा विचारला नाही. संस्थांनीही मोठ्यानं सांगितलं नाही. भाडं कुणा देणगीदारानं द्यायचं, समाजमंदिराची खोली नगरसेवकाच्या मेहेरबानीनं मिळायची, डाळ-तांदूळ ओळखीच्या वाण्याकडून उधारीवर यायचे आणि दोन बाया हजार रुपयांत राबायच्या. दहाएक वर्षं दर तसाच राहिला आणि महागाई वाढत गेली. अर्थसंकल्पात एक रुपयाही कमी न करता केलेली ती पहिली कपात. तिच्याविरुद्ध कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या वाचनात नाही.

सरकारी खर्चाला कात्री लागली की सेवा देणाऱ्या संस्था काय करतात, याचं सोपं उत्तर असं दिलं जातं की काही बंद पडतात, काही दुसरीकडून पैसे उभे करतात. हे खोटं नाही. पण या दोन टोकांच्या मध्ये जे होतं ते जास्त महत्त्वाचं आहे. संस्था सेवा बंद करत नाही. ती सेवा आतून बारीक करते, हजेरीपटावर दिसणार नाही अशा बेतानं. त्यामुळे कात्री चालवणाऱ्याला वाटतं, बघा, काही अडलं नाही. पाळणाघरांची गोष्ट यासाठीच सांगायची.

*

या व्यवस्थेच्या मुळाशी एक अर्धं मराठी घर आहे. जानेवारी १९५३ मध्ये दुर्गाबाईंचं चिंतामणराव देशमुखांशी लग्न झालं. चिंतामणराव मूळचे रोह्याकडचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि त्या वेळी देशाचे अर्थमंत्री. दुर्गाबाई आंध्रच्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या, घटना समितीच्या सदस्य आणि नियोजन आयोगातही काम केलेल्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेत समाजकल्याणाचं काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना मदत म्हणून ४ कोटी रुपयांची तरतूद झाली. ते पैसे वाटायचे कुणी आणि कसे, यासाठी ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं. अध्यक्षा दुर्गाबाई.

मंडळामागची कल्पना अशी की गावोगावच्या बायाबापड्यांपर्यंत सरकारी खात्याचा माणूस पोचत नाही, संस्था पोचते. तेव्हा पैसा सरकारचा आणि हात संस्थेचे. कल्पना अगदीच नवी नव्हती. १८५४ च्या वूडच्या खलित्यापासून खाजगी शाळांना अनुदान देण्याची रीत आपल्याकडे आहे आणि महाराष्ट्रातलं अर्धंअधिक शिक्षण त्या रिवाजावर उभं राहिलं. फरक असा की शाळेचं अनुदान पुढे नियमांनी, वेतनश्रेणींनी आणि शिक्षक संघटनांनी बांधून घेतलं. पाळणाघराच्या अनुदानाला असलं बांधणं कधी लाभलं नाही. ते शेवटपर्यंत ‘मदत’च राहिलं. मदत कमी केली तर दाद कुणाकडे मागणार?

पाळणाघरांची योजना १९७० च्या दशकाच्या मध्याला आली, १९७४ च्या राष्ट्रीय बाल धोरणाच्या मागोमाग. त्याच सुमाराला, २ ऑक्टोबर १९७५ ला, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावागावात पोचली. दोन भावंडंच म्हणायची, पण नशीब वेगळं. अंगणवाडी सरकारची, तिची सेविका सरकारच्या यादीवर. पाळणाघर संस्थेचं. समाजकल्याण मंडळ, भारतीय बालकल्याण परिषद आणि ठक्करबाप्पांनी स्थापन केलेला भारतीय आदिमजाती सेवक संघ या तिघांमार्फत दिल्लीचा पैसा संस्थांकडे जायचा. राज्य सरकारचा त्यात संबंध नव्हता, आणि ही गोष्ट पुढे महागात पडली.

*

२०१५ पासून दिल्लीचा सूर बदलला. चौदाव्या वित्त आयोगानं केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्के केला. तुम्हाला आता जास्त मिळतंय, तेव्हा समाजकल्याणाचा भार तुम्ही उचला, असं केंद्राचं म्हणणं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात एकात्मिक बालविकास योजनेची तरतूद १८ हजार कोटींच्या वरून ८,३३५ कोटींवर आली. खुद्द महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी त्याबद्दल नाराजी कळवली आणि पुढे पुरवणी मागण्यांतून बरीच भरपाई झाली. अंगणवाडीच्या पाठीशी देशभरच्या सेविका होत्या, राज्य सरकारं होती, एक मंत्रीही होती.

पाळणाघरांची पाळी १ जानेवारी २०१७ ला आली. योजनेचं नाव राष्ट्रीय पाळणाघर योजना झालं आणि वाटणी ठरली केंद्र ६०, राज्य ३०, संस्था १०. कागदावर हा बदल वाईट दिसत नाही. सेविकेचं मानधन ३,००० झालं, मदतनीसचं १,५००. आहाराचा दर वाढला. पण आता सगळ्या आवर्ती खर्चाचे दहा टक्के संस्थेवर आले, मानधनाचेसुद्धा. नुसत्या मानधनाचे दहा टक्के धरले तरी ४५० रुपये होतात. आधी सगळं मिळून १७० होते. दर वाढवले म्हणून ज्याचं कौतुक व्हावं, त्याच निर्णयानं छोट्या संस्थेचं ओझं कितीतरी पट वाढलं.

आणि खरी अडचण दहा टक्क्यांची नव्हती, मधल्या तिसाची होती. चाळीस वर्षं ज्या योजनेशी राज्याचा संबंध नव्हता, तिच्यासाठी राज्यानं आता अर्थसंकल्पात लेखाशीर्ष उघडायचं, तीस टक्के काढून ठेवायचे, संस्थांची तपासणी करायची, केंद्राला मागणी पाठवायची, आणि मग दोन्ही वाटे एकत्र करून संस्थेला द्यायचे. अनुदानावर चालणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेच्या कार्यालयात जा, हा मार्ग तिथल्या हिशेबनिसाला पाठ असतो. प्रस्ताव, त्रुटी, त्रुटीपूर्तता, उपयोगिता प्रमाणपत्र, मंजुरी, आणि मग ‘बीडीएसवर निधी नाही’. बीडीएस म्हणजे राज्य सरकारची निधीवाटपाची संगणक प्रणाली. कोषागाराच्या या शब्दानं किती जणांची दिवाळी कोरडी घालवली असेल त्याची गणती नाही. उपयोगिता प्रमाणपत्राची गंमत तर वेगळीच. आधीचा हप्ता खर्च केल्याचा दाखला दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि आधीचा हप्ता मिळतो मार्चअखेरीला. म्हणजे वर्षभर उसनवारीनं खर्च करायचा, मार्चमध्ये पैसे घ्यायचे आणि एप्रिलमध्ये ते कसे खर्च केले ते सांगायचं.

दिल्लीतल्या तरतुदीही घसरल्या. २०१७-१८ ला योजनेसाठी २०० कोटी धरले होते. २०१८-१९ ला १२८ कोटी, आणि ते वर्ष संपता संपता सुधारित अंदाजात ३० कोटी. पुढच्या वर्षी ५० कोटी. पैसे खर्च झाले नाहीत म्हणून तरतूद कमी केली, हे त्यावरचं नेहमीचं सरकारी उत्तर. आणि पैसे खर्च झाले नाहीत कारण ते पोचलेच नाहीत, हे त्याचं नेहमीचं प्रत्युत्तर. २०२० च्या सुमाराला चालू पाळणाघरांची संख्या साडेसहा हजारांच्या आसपास उरली होती. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि उरलेल्यांनाही कुलूप लागलं.

पाळणाघर योजना बदलली त्याच २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं झालं आणि ते कलम १ जुलैपासून लागू झालं. वर्तमानपत्रांनी त्याचं योग्य ते स्वागत केलं. जिच्या नोकरीला नेमणूकपत्र आहे तिला त्या वर्षी पाळणाघराचा हक्क मिळाला. जी धुणीभांडी करते, नाक्यावर उभी राहते, कांदा निवडते, तिचं होतं ते पाळणाघर त्याच वर्षी डळमळलं. दोन्ही निर्णय एकाच सरकारचे, आणि दोन्हींच्या फायलींवर बालकाच्या हिताचाच उल्लेख असणार.

*

आता कात्री आत कशी पोचते ते पाहू. इथे एखाद्या खऱ्या संस्थेचं नाव घेण्याऐवजी हिशेबापुरती एक संस्था धरू. शहराच्या कडेची वस्ती, पत्र्याची एक खोली, पंचवीस मुलं, एक सेविका, एक मदतनीस. अनुदान सहा महिने आलेलं नाही.

पहिल्या महिन्यात काहीच होत नाही. संस्थेच्या खात्यात थोडे पैसे असतात, किंवा दुसऱ्या प्रकल्पाचे ‘तात्पुरते वळते’ होतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वाण्याची उधारी वाढते आणि घरमालक आठवण करतो. चौथ्या महिन्यात मानधन थांबतं. हा क्रम योगायोगाचा नाही. वाणी माल बंद करू शकतो, मालक खोली काढून घेऊ शकतो. सेविका काय करणार? मुलं तिच्या गल्लीतली, आया तिच्या ओळखीच्या. उद्यापासून येऊ नका असं ती सांगू शकत नाही. संस्थेच्या चालकांना हे माहीत असतं. ते निर्दय असतात असं मुळीच नाही, बऱ्याचदा स्वतःही पगार घेत नसतात. पण कुणाला थांबवायचं हे ठरवायची वेळ आली की जी सगळ्यात जास्त थांबू शकते तिलाच थांबवलं जातं. सार्वजनिक खर्चातली कपात अशी फिरत फिरत महिन्याला तीन हजारांवर काम करणाऱ्या बाईच्या चुलीपर्यंत येते. तिनं न घेतलेलं मानधन हीच त्या संस्थेची खरी राखीव गंगाजळी असते, आणि ती कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

मग वेळ कमी होते. पाच वाजता बंद होणारं पाळणाघर दोनला बंद होऊ लागतं, कारण मदतनीस आता दुपारनंतर दुसरीकडे चार घरची कामं धरते. तिला बोल लावायला तोंड नाही. हजेरीपटावर मुलं पंचवीसच राहतात. पण बांधकामावरच्या आईची सुट्टी सहाला होते. दोन ते सहा मूल कुणाकडे? तर मोठ्या बहिणीकडे. ती बहीण आठ-नऊ वर्षांची असते आणि शाळेच्या पटावर तिचंही नाव असतं.

त्यानंतर जे होतं ते मला सगळ्यात गंभीर वाटतं. तान्ही मुलं कमी होतात. दीड वर्षाच्या मुलाला भरवावं लागतं, उचलावं लागतं, स्वच्छ करावं लागतं, झोपवावं लागतं. चार वर्षांचं मूल गाणी म्हणतं आणि ताट धरून रांगेत बसतं. हात दोनच उरले की सेविका नकळत चार वर्षांच्या मुलांकडे वळते. कुणी निर्णय घेत नाही, ठराव होत नाही. ‘थोडं मोठं झालं की आण’ एवढंच आईला सांगितलं जातं. वर्षभरात पाळणाघराची बालवाडी होते. फलक तोच, मुलं तेवढीच, अहवालही ठीक. पण तीन वर्षांवरच्या मुलांसाठी अंगणवाडी आधीपासून होतीच. जे काम दुसरं कुणी करत नव्हतं, तेच सुटलं.

याची किंमत काय, ते आरोग्याच्या आकड्यांत शोधावं लागतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं कमी वजनाची निघाली, ३५.२ टक्के वयाच्या मानानं खुजी. राज्य गरीब नाही, तरी हे आकडे असे. तीन वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा मिळतो. पाकीट घरी येतं. पण दीड वर्षाच्या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवायला घरात कुणीतरी जागं, रिकामं आणि मोठं माणूस लागतं. सकाळी सातला नाक्यावर जाणाऱ्या घरात ते नसतं. पाळणाघर नेमकी ती जागा भरतं. कुपोषणावरच्या चर्चेत आपण पाकिटात काय आहे यावर वर्षानुवर्षं भांडतो. भरवणार कोण, हा प्रश्न बायकी म्हणून बाजूला राहतो.

*

पैसे दुसरीकडून आणा, असा सल्ला संस्थांना नेहमी मिळतो. तो सगळ्यात आधी आईकडे बोट दाखवतो. २०१७ च्या योजनेतच शुल्काचे दर दिले होते: दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिना २० रुपये, मासिक उत्पन्न १२ हजारांपर्यंत असेल तर १००, त्याहून जास्त असेल तर २००. अनुदान आटलं की संस्थेची नजर आपोआप दोनशेवाल्याकडे वळते. रिक्षावाल्याचं, छोट्या दुकानदाराचं मूल नियमित पैसे देतं. वीसवालीचे चार महिने थकलेले असतात आणि तिचं मूल आजारीही जास्त पडतं.

अमेरिकेत १९८१ नंतर रेगन सरकारनं सामाजिक खर्चाला मोठी कात्री लावली तेव्हाही असंच दिसलं होतं. सरकार मागे हटलं की दानशूर लोक पुढे येतील, असा तेव्हाचा हवाला होता. लेस्टर सॅलॅमन या अभ्यासकानं अर्बन इन्स्टिट्यूटमध्ये या संस्थांचे हिशेब तपासले. त्यात दोन गोष्टी निघाल्या. एक, या संस्था देणग्यांवर चालतात हा समजच चूक होता. त्यांना देणग्यांपेक्षा सरकारकडूनच जास्त पैसा मिळत होता. दोन, कपातीनंतरची तूट देणग्यांनी नव्हे तर मुख्यतः सेवाशुल्कानं भरली गेली. म्हणजे संस्था टिकल्या, पण ज्याला पैसे देता येतात त्याच्याकडे सरकल्या. आपल्या पत्र्याच्या खोलीतही हेच घडतं, फक्त तिथे अभ्यासक जात नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीकडून मोठी आशा होती. २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करणं बंधनकारक झालं. मुंबई-पुण्याच्या संस्थांना त्याचा उपयोग झाला, नाकारण्यात अर्थ नाही. पण या पैशाचा स्वभाव वेगळा. ‘चालू प्रकल्प’ नियमाप्रमाणे सुरू झालेलं वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे जात नाही. सहा महिन्यांचं मूल पाळणाघरात आलं तर ते शाळेत जाण्याआधी प्रकल्प संपतो. शिवाय देणाऱ्याला दिसेल असं काहीतरी हवं असतं: रंगवलेली भिंत, खेळणी, गणवेश, टॅब. सेविकेचं मानधन फोटोत येत नाही. मी कंपन्यांना फार दोष देणार नाही. दोन टक्क्यांच्या नियमात अंगाई गाणाऱ्या बाईचा पगार कायमचा उचला असं कुठे लिहिलेलं नाही. ते काम ज्याचं होतं त्यानं ते सोडलं, हा मुद्दा आहे. परदेशी देणग्यांची वाट २०२० च्या कायदादुरुस्तीनं अरुंद केली. मोठ्या संस्थेनं परदेशी निधी घेऊन छोट्या संस्थांना द्यायचा, हा मार्ग पूर्ण बंद झाला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. वस्तीतल्या संस्थेला परदेशी पैसा मिळायचा तो बहुधा अशा मोठ्या संस्थेच्या हातूनच.

एक वाट मात्र खरोखर वेगळी होती. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांना मजुरांची मुलं उन्हात, दगडमातीत पडलेली दिसली आणि तंबूत पहिलं पाळणाघर सुरू झालं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. पुढे मुंबई आणि पुण्यातही काम पसरलं, आणि आज तिथे मुंबई मोबाइल क्रेशेस आणि तारा मोबाइल क्रेशेस या स्वतंत्र संस्था ते चालवतात. बांधकाम जिथे तिथे पाळणाघर. इमारत संपली की पाळणाघर पुढच्या साइटवर. जागा, पाणी, वीज आणि खर्चाचा काही वाटा बिल्डरनं द्यायचा. यात बिल्डरकडे उपकार मागायचे नसत, कारण १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं पन्नासपेक्षा जास्त स्त्री-कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं होतं. अर्थात त्या कायद्यातून निसटायच्या वाटाही तयार असत: एका साइटवर पाच ठेकेदार दाखवले की कुणाकडेच पन्नास बायका भरत नसत.

पैसा नाही असंही नाही. याच कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर उपकर घेतला जातो. मार्च २०१८ मध्ये न्या. मदन लोकूर यांच्या खंडपीठानं निकाल देताना नोंदवलं की देशभरात ३७,४०० कोटींहून जास्त उपकर जमा झाला आणि खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी. पाळणाघरांच्या योजनेची तरतूद ज्या आर्थिक वर्षात ३० कोटींवर उतरली, त्याच्या तोंडावरचा हा निकाल.

*

संस्था भांडत का नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडे त्याचं एक दमदार उदाहरण आहे. १९४८ साली कर्मवीर भाऊराव पाटलांचं मुंबई सरकारशी बिनसलं आणि रयत शिक्षण संस्थेचं अनुदान थांबलं. भाऊराव लोकांकडे गेले, लोकांनी वर्गणी काढली, शाळा चालू राहिल्या आणि सरकारला अनुदान पुन्हा सुरू करावं लागलं. ही गोष्ट संस्थाचालकांच्या मेळाव्यांत हटकून सांगितली जाते. ती प्रेरणादायक आहेच, पण आजच्या पाळणाघराला ती लावणं मला अन्यायाचं वाटतं. रयतेच्या शाळेमागे गाव होतं; शेती असलेलं, मुलगा शिकून मामलेदार व्हावा असं स्वप्न पाहणारं. पाळणाघरामागे आहे ती स्थलांतरित वस्ती, जिचं रेशनकार्डसुद्धा दुसऱ्या जिल्ह्यात असतं. मोर्चाला यायचं तर आईची दिवसाची मजुरी बुडते. आणि लाभार्थी स्वतः तर बोलायलाही शिकलेला नसतो.

संस्थेची स्वतःची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी. थकलेले दोन हप्ते सरकारकडे अडकलेले असताना त्याच सरकारविरुद्ध पत्रकार परिषद घ्यायची छाती किती जणांची होईल? निवेदनं जातात, मंत्रालयात खेपा होतात. राष्ट्रीय पातळीवर फोर्सेससारखं पाळणाघरांचा आग्रह धरणारं व्यासपीठ १९८९ पासून आहे. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या ‘श्रमशक्ती’ अहवालानंतर ते उभं राहिलं. त्यांनी हा विषय जिवंत ठेवला. पण ४ डिसेंबर २०२३ ला महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या आणि पन्नासवर दिवस बसल्या, तशी ताकद पाळणाघरांमागे कधी आली नाही. अंगणवाडीताईला निदान मालक कोण ते ठाऊक आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला ग्रॅच्युइटीचा हक्कही दिला. पाळणाघरातल्या ताईनं कुणाच्या दारात बसायचं? संस्थेच्या? ती म्हणणार, सरकारकडून आलं की देतो. सरकारच्या? ते म्हणणार, तुम्ही आमच्या कर्मचारी नाही. संस्थेमार्फत सेवा देण्यातली सरकारची खरी बचत ही आहे, आणि पैसे कमी करताना तिचा उपयोग कळतो.

आता महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट घडते आहे. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत महिना १,५०० रुपये थेट खात्यात येतात. गरीब घरात हे पैसे फार मोलाचे आहेत आणि त्यांना नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. पण त्यासाठी इतर खात्यांचा निधी वळवल्याची तक्रार मे २०२५ मध्ये खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी उघडपणे केली. हातात रोख देणं आणि दारात सेवा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दीड हजारांत बाजारातलं पाळणाघर परवडत नाही, आणि वस्तीत ते विकतही मिळत नाही.

*

२०२२ मध्ये दोन गोष्टी झाल्या. दुर्गाबाईंचं केंद्रीय समाजकल्याण मंडळ बंद करण्यात आलं. आणि पाळणाघर योजना ‘मिशन शक्ती’ खाली ‘पाळणा’ या नव्या नावानं आली. आता अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, देशभरात अशी १७ हजार करायची. खर्च केंद्र ६० आणि राज्य ४०. संस्थेचा दहा टक्क्यांचा रकाना गेला.

यात चांगलं आहे ते असं की पाळणाघर ही सरकारची जबाबदारी आहे हे निदान सूत्रात मान्य झालं. कर्नाटकानं तर २०२३ मध्ये ‘कूसिन मने’ नावानं ग्रामपंचायतींत चार हजार पाळणाघरं जाहीर केली, रोजगार हमीवरच्या आयांना डोळ्यांपुढे ठेवून. पण १७ हजार हा आकडा २०१७ च्या आधीच्या २३ हजारांपेक्षा कमी आहे, आणि देशात अंगणवाड्या आहेत तेरा लाखांच्या वर. शिवाय अंगणवाडी आहे तिथे पाळणाघर होणार. बांधकामाच्या साइटवर, उसाच्या फडाशेजारी, पुलाखालच्या वस्तीत जिथे संस्थाच काय त्या पोचल्या होत्या, तिथे अंगणवाडीच नसते.

महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. त्यांतल्या कित्येक एका खोलीच्या, भाड्याच्या, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दुपारच्या आत खाऊ घालून घरी पाठवणाऱ्या. तिथे आता दिवसाचे साडेसात तास तान्ही मुलं ठेवायची, तर झोळी बांधायला छताला कडी हवी, रांगणाऱ्या मुलासाठी वेगळा कोपरा हवा, आणि दुपारनंतर थांबणारी आणखी दोन माणसं. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरून, सर्वेक्षणं करून, लसीकरणाला बाया गोळा करून आधीच मेटाकुटीला आलेली सेविका दुपारची ही पाळी आपल्या माथी येणार का, असं विचारते आहे. बंद पडलेल्या पाळणाघरांतल्या ज्या बायांनी दहा-पंधरा वर्षं तान्ही मुलं वाढवली, त्यांना नव्या भरतीत अनुभवाचा काही फायदा द्यायचा की नाही, तेही राज्यांनीच ठरवायचं आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी दहावीपर्यंत पोचलेल्या नाहीत, आणि भरतीच्या जाहिरातीत शिक्षणाची अट सगळ्यात वर असते.